‘परदेशी’ म्हणजे कोण? भारतात घर-जमीन घेणारे परके आणि आपले



आजचा विषय पाहून काहींना वाटले असेल, तत्त्वज्ञान शिकवणारा हा माणूस खरेदीखत आणि सातबारावर काय बोलणार? शंका रास्त आहे. आम्ही वकील नाही. तीस-बत्तीस वर्षे वर्गात तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवले, घरातले कागद मात्र सौभाग्यवतींनीच सांभाळले. पण दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरात एक प्रसंग घडला आणि या विषयाचा अभ्यास करणे भाग पडले. त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रसंग साधा आहे. राजापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित थोडी जमीन आहे, कलमांची बाग आहे. मुलगी एकुलती एक. वीस वर्षांपासून अमेरिकेत. आम्ही सत्तरी ओलांडली, तेव्हा दोघांनी ठरवले की हातपाय चालताहेत तोवर बाग मुलीच्या नावे करून मोकळे व्हावे. तालुक्याच्या गावी कागदपत्रांची कामे करणारे एक गृहस्थ आहेत. ते म्हणाले, “सर, सरळ बक्षीसपत्र करा. मुलीला देताय, मुद्रांक शुल्कही नाममात्र. काय बघायचंय त्यात, आपलीच मुलगी!” मसुदा तयार झाला, तारीख ठरली, मुलीने विमानाचे तिकीट काढले.

आठ दिवस आधी आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता वकिली करतो. चहा पिताना सहज विषय निघाला. त्याने एकच प्रश्न विचारला: “सर, ताईंचा पासपोर्ट कोणत्या रंगाचा?” आम्ही म्हणालो, निळा. तीन वर्षांपूर्वी तिने नागरिकत्व घेतले. तो म्हणाला, “मग हे बक्षीसपत्र करू नका. शेतजमीन त्यांना बक्षीस देता येत नाही.”

त्या रात्री मुलीला फोन केला. सगळे ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबा, मी परदेशी कधी झाले?”

आजचे व्याख्यान म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजा.

राज्य परक्याला का अडवते?

आधी थोडे तत्त्व, मग व्यवहार. इमॅन्युएल कांटने १७९५ साली शाश्वत शांततेवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात तो परक्या माणसाच्या हक्काबद्दल एक महत्त्वाचा भेद करतो. पृथ्वी गोल आहे, माणसे एकमेकांपासून कायमची लांब राहू शकत नाहीत. म्हणून परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला शत्रूसारखे वागवले जाऊ नये, हा त्याचा हक्क. हा झाला भेटीचा हक्क. पण तिथे मुक्काम ठोकण्याचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळा करार लागतो.

आज जगातले जवळजवळ सगळे देश या भेदावर चालतात. व्हिसा सहज देतील, जमीन सहज देणार नाहीत. थायलंडमध्ये परदेशी माणसाला सहसा जमिनीची मालकी मिळत नाही. फ्लॅट मिळतो, पण एका इमारतीतल्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. स्वित्झर्लंडने १९८३ च्या कायद्याने परदेशात राहणाऱ्यांच्या घरखरेदीवर परवान्याचे बंधन घातले. न्यूझीलंडने २०१८ मध्ये बहुतेक परदेशी लोकांना तयार घरे घ्यायला मनाई केली. कारणे वेगवेगळी आहेत. कुठे स्थानिकांना घरे महाग होतात, कुठे शेती जाण्याची भीती, कुठे सीमेची सुरक्षा, कुठे परकीय चलनाचा हिशेब. पण प्रश्न एकच: या मातीत मुक्काम करण्याचा करार कोणाशी करायचा?

आपल्या राज्यघटनेत या विचाराची एक खूण आहे. मूळ घटनेत मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्क होता आणि त्यातला मालमत्ता घेण्याचा, बाळगण्याचा आणि विकण्याचा हक्क फक्त ‘नागरिकांना’ होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून काढला आणि ३०० अ हे कलम आले. तिथे शब्द आहे ‘व्यक्ती’. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाही व्यक्तीची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. म्हणजे परदेशी माणसाने कायदेशीर घेतलेले घर सरकार मनमानी करून काढून घेऊ शकत नाही. पण घेताना कायदेशीर घेतले पाहिजे. सगळी गोम त्या ‘घेताना’मध्ये आहे.

कायदा तिथे तीन प्रश्न विचारतो. घेणारा कोण? काय घेतोय? आणि कसे घेतोय? आपण मात्र चौथ्याच प्रश्नाचे उत्तर देत बसतो: तो आपला कोण लागतो!

पहिला प्रश्न: कोण?

‘परदेशी’ या शब्दात आपण दोन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ करतो. एक नागरिकत्व, म्हणजे पासपोर्ट कुठला. दुसरी वास्तव्य, म्हणजे राहता कुठे. ही दोन वेगळी मापे आहेत. १९७३ चा ‘फेरा’ कायदा स्थावर मालमत्तेच्या बाबतीत मुख्यतः नागरिकत्वाचे माप लावायचा. नागरिक नसलेल्याने भारतात स्थावर घ्यायचे किंवा द्यायचे तर रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागे. १९९९ चा ‘फेमा’, जो जून २००० पासून लागू झाला, तो आधी वास्तव्य विचारतो. स्थावर मालमत्तेचे सध्याचे तपशीलवार नियम २०१९ चे आहेत.

दोन मापे म्हटल्यावर चार प्रकारची माणसे निघतात. एकेक घेऊ.

पहिला, भारतीय नागरिक आणि भारतातच राहणारा. म्हणजे इथे बसलेले आपण बहुतेक. आपल्याला फेमाची अडचण नाही.

दुसरा, भारतीय नागरिक पण नोकरीधंद्यासाठी बाहेर राहणारा. हा एनआरआय. दुबईत काम करणारा साताऱ्याचा मुलगा घ्या. पासपोर्ट आपलाच. त्याला भारतात घर, दुकान, बिनशेती प्लॉट हवे तितके घेता येतात. पण शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. बाप शेतकरी, आजा शेतकरी, सातबारावर स्वतःचे नाव, तरीही बाहेर राहत असेपर्यंत नवी शेती विकत घेता येत नाही. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो.

तिसरा, परदेशी नागरिक पण भारतात राहणारा. पुण्यात जर्मन कंपन्या आहेत, तिथे नोकरीला आलेला एखादा जर्मन अभियंता धरा. तो नोकरीसाठी इथे आला आहे आणि मागच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून जास्त इथे राहिला आहे. फेमाच्या दृष्टीने तो भारतातला रहिवासी. त्याला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून फ्लॅट घेता येतो. पुढे तो मायदेशी गेला तरी तो फ्लॅट त्याला ठेवता येतो.

इथे एक मोठा गैरसमज आहे. लोक म्हणतात, १८२ दिवस भरले की झाले. तसे नाही. दिवसांबरोबर हेतूही बघितला जातो. नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित काळ राहण्याचा इरादा दाखवणारी परिस्थिती असली पाहिजे. पर्यटक व्हिसावर वारंवार येऊन दिवस भरले तरी पर्यटक हा पर्यटकच राहतो.

चौथा, परदेशी नागरिक आणि परदेशातच राहणारा. याचे पुन्हा दोन भाग. भारतीय वंशाचा असून ओसीआय कार्ड घेतलेला असेल तर त्याला जवळपास एनआरआयसारखीच वागणूक मिळते: घर चालेल, शेती नाही. आमची मुलगी इथे बसते. आणि भारताशी वंशाचा काहीच संबंध नसलेला, बाहेर राहणारा परदेशी असेल तर त्याला भारतात घर विकत घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने राहता येते, एवढेच.

ओसीआय हे पूर्ण नागरिकत्व नव्हे, हेही लक्षात ठेवावे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार आपल्या इच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. कार्ड हाती आल्याने ते परत येत नाही.

जावयाचे काय, हा प्रश्न येतोच. आमचे जावई जन्माने अमेरिकन. एनआरआय किंवा ओसीआय व्यक्तीच्या परदेशी जोडीदाराला तिच्याबरोबर संयुक्त नावाने एक मालमत्ता घेता येते, शेती सोडून. अट अशी की विवाह नोंदलेला असावा आणि खरेदीआधी निदान सलग दोन वर्षे टिकलेला असावा. जोडीदाराला स्वतःलाही अशाच दोन वर्षांच्या अटीवर ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो.

शिवाय अकरा ठिकाणचे नागरिक वेगळे काढलेले आहेत: पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, अफगाणिस्तान, चीन, इराण, नेपाळ, भूतान, हाँगकाँग, मकाव आणि उत्तर कोरिया. ते भारतात राहत असले तरी रिझर्व्ह बँकेची आधी परवानगी लागते. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा एवढाच अपवाद. ओसीआय कार्डधारकांना मात्र हे बंधन नाही.

दुसरा प्रश्न: काय?

घर आणि शेती यांत कायदा जमीन-अस्मानाचा फरक करतो. शेतीवर दोन कुलपे आहेत. पहिले केंद्राचे, फेमाचे. दुसरे राज्याचे. महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाने शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. गोव्यात २०२३ च्या कायद्याने भातशेतीच्या जमिनी बिगरशेतकऱ्यांकडे जाण्यावर बंधन आले. एक कुलूप उघडले म्हणून दुसरे उघडत नाही.

फसगत बहुधा इथेच होते. जाहिरातीत ‘फार्महाऊस प्लॉट’, ‘सेकंड होम’ असे गोड शब्द असतात. सातबारा उघडून पाहावा. बिनशेतीचा आदेश झालेला नसेल तर जाहिरात काहीही म्हणो, ती शेतीच. पुढे बिनशेती करून देऊ, या आश्वासनावर एनआरआयने किंवा ओसीआयने खरेदी करणे म्हणजे आज नियम मोडून उद्या तो पाळण्याचे वचन घेणे.

तिसरा प्रश्न: कसे?

मालमत्ता हाती येण्याचे तीन ठळक मार्ग: खरेदी, बक्षीस, वारसा. परिणाम एकच दिसतो, नाव लागते. पण कायदा तिघांना निरनिराळे मानतो.

एनआरआय आणि ओसीआय यांना घर खरेदी करता येते आणि नियमांत बसणाऱ्या नातेवाइकाकडून बक्षीसही घेता येते. शेती मात्र खरेदीने नाही, बक्षिसानेही नाही. वारशाने येते! बाप गेल्यावर वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने शेतजमीन परदेशी नागरिक झालेल्या मुलीकडे येऊ शकते.

हे आम्हाला आधी विचित्र वाटले. जिवंतपणी हाताने द्यायचे तर बंदी, आणि मेल्यावर आपोआप जायचे तर मोकळीक? विचार केल्यावर त्यातला न्याय दिसला. बक्षीस हा व्यवहार आहे. तो करायचा की नाही हे माणूस ठरवतो, आणि बक्षिसाच्या नावाखाली विक्री लपवता येते. मृत्यू हा कोणी ठरवून केलेला व्यवहार नव्हे. राज्य व्यवहारावर बंधन घालते, पण लेकराचा वारसा तोडत नाही.

वारशाने आलेली शेती पुढे विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते, आणि महाराष्ट्रात तो साधारणपणे शेतकरी असावा लागतो.

आता पैसा. परदेशातून येणारी रक्कम बँकेमार्फतच आली पाहिजे किंवा एनआरई, एफसीएनआर, एनआरओ या खात्यांतून दिली पाहिजे. डॉलरच्या नोटा किंवा प्रवासी धनादेश चालत नाहीत. पैसे कोणत्या खात्यातून गेले याचा कागद जपून ठेवावा, कारण घर विकल्यावर पैसा परत नेताना बँक तोच कागद मागते. परकीय चलनातून घेतलेल्या घराची मूळ रक्कम परत नेता येते, पण ही सोय दोन निवासी घरांपुरतीच. बाकीचे पैसे एनआरओ खात्यात जमा होतात आणि तिथून कर भरून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. वारशाच्या मालमत्तेचे पैसेही याच मर्यादेत.

आणि एक सूचना इथे राहणाऱ्यांसाठी. तुम्ही एखाद्या अनिवासी माणसाकडून फ्लॅट विकत घेत असाल तर कर कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी तुमची. रहिवाशाकडून ५० लाख किंवा त्याहून मोठी खरेदी केली तर एक टक्का कापतात. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत दर बराच जास्त असतो आणि ५० लाखांची ती मर्यादाही नसते. विक्रेत्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी आणला नसेल तर व्यवहारात सगळ्या किमतीवर कपात होते. विक्रेता विमानात बसून निघून जातो, नोटीस तुमच्या दारी येते.

आडवाटा

नियम अवघड झाले की आडवाटा फुटतात. तीन सांगतो.

पहिली, दुसऱ्याच्या नावाने घेणे. पैसा परदेशी मित्राचा, नाव गावातल्या ओळखीच्याचे. हा बेनामी व्यवहार. १९८८ चा कायदा २०१६ मध्ये कडक झाला. आता मालमत्ता जप्त होऊ शकते, एक ते सात वर्षांची कैद आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. आणि कायदा बाजूला ठेवा. ज्याचे नाव लागले तो उद्या ‘माझेच आहे’ म्हणाला तर तुम्ही कोणत्या तोंडाने कोर्टात जाणार?

दुसरी, कंपनी काढून घर घेणे. परदेशी गुंतवणुकीच्या कंपनीला स्वतःच्या धंद्याला लागणारी जागा घेता येते, जमीनजुमल्याचा धंदा करता येत नाही. मालकाला राहायला बंगला हवा म्हणून कागदावर कंपनी उभी करणे चौकशीत टिकत नाही.

तिसरी, कुलमुखत्यारपत्रावर ‘विक्री’. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले की मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही. त्याला नोंदलेले खरेदीखतच लागते. मुखत्यारपत्र हे परदेशातल्या मुलीच्या वतीने सही करण्याचे साधन आहे, तेवढ्यासाठीच वापरावे. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नियमांप्रमाणे प्रमाणित करून आणावे आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करावे.

फेमा मोडल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि मालमत्ताही जप्त होऊ शकते. “पण रजिस्ट्रेशन झालंय ना!” असे लोक म्हणतात. दुय्यम निबंधकाने दस्त नोंदला म्हणजे दस्त केला गेला हे सिद्ध होते. तो करण्याचा तुम्हाला अधिकार होता हे सिद्ध होत नाही.

याचे बोलके उदाहरण बंगळुरूचे आहे. एका परदेशी नागरिक असलेल्या विधवेने १९७७ मध्ये शहरातल्या आपल्या जागेचा काही भाग बक्षीस दिला. फेराप्रमाणे लागणारी रिझर्व्ह बँकेची परवानगी घेतली नव्हती. वाद चालत राहिला. प्रश्न असा: परवानगीशिवाय केलेला व्यवहार मुळातच नसल्यासारखा, की कोणी आव्हान दिले तरच मोडणारा? फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तो मुळातच नसल्यासारखा. आधी अंतिम झालेले व्यवहार उकरून काढू नयेत, असेही म्हटले. बक्षीस १९७७ चे, निकाल २०२१ चा. ४४ वर्षे. देणारी नाही, आणि घेणाऱ्यांच्या हाती काही नाही.

गोव्याची गोष्ट

परदेशी आणि जमीन म्हटले की आपल्या शेजारी गोवा आहे. २००० नंतरच्या दशकात उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर अनेक परदेशी लोकांनी घरे घेतली. त्यांतले कित्येक निवृत्त, आयुष्याची पुंजी घेऊन आलेले. पर्यटक किंवा बिझनेस व्हिसावर येऊन ‘१८२ दिवस’ भरल्याच्या भरवशावर त्यांनी कागद केले. पुढे चौकश्या लागल्या, प्रकरणे सक्तवसुली संचालनालयाकडे गेली. त्यांतले सगळेच लबाड नव्हते. समुद्रकिनारी भेटलेल्या दलालाच्या शब्दावर त्यांनी विश्वास टाकला होता.

गोव्यात फेमाखेरीज आणखी काही पाहावे लागते. सातबाराऐवजी तिथे एक-चौदाचा उतारा. त्यात कूळ किंवा मुंडकार आहे का हे बघायचे. मुंडकार म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा. १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. जमीन कोमुनिदादची तर नाही ना, सागरी नियमन क्षेत्रात तर येत नाही ना, हेही पाहायचे. आणि १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली परंपरा अशी की वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक. म्हणून विक्रीच्या कागदावर दोघांच्या सह्या, आणि वारशाची मालमत्ता असेल तर सगळ्या वारसांच्या व त्यांच्या जोडीदारांच्याही. एक सून लिस्बनला असली तरी तिची सही हवीच.

लिस्बनवरून आठवले. गोव्यातल्या पुष्कळ लोकांनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाचा आपला जुना हक्क वापरला. त्याचबरोबर त्यांचे भारतीय नागरिकत्व संपले. ज्यांचे पासपोर्ट रद्द झाले त्यांना ओसीआय कार्डासाठी लागणारा दाखला मिळेना. २०२४ मध्ये केंद्राने त्यात काही सवलत दिली. घर गोव्यात, अंगण गोव्यात, आणि कागदावर माणूस परका.

आप्त कोण?

आता आमच्या विषयाकडे थोडे वळू द्या. न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणे सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. घर घेताना आपण प्रत्यक्षावर भाळतो. अंगणातून समुद्र दिसतो, झाले! अनुमानही करतो. शेजारच्या गोऱ्याने घेतले, म्हणजे चालत असणार. उपमान असते, दुबईत असेच होते म्हणून इथेही असेल. आणि शब्द, म्हणजे दलालाचा शब्द.

पण न्यायदर्शन म्हणते, शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा असेल तर. आणि आप्त म्हणजे विषय जाणणारा आणि जाणले तसे सांगणारा. मराठीत ‘आप्त’ म्हणजे नातेवाईक असा अर्थ झाला आणि आपले नुकसान तिथेच सुरू झाले. राजापूरचे ते गृहस्थ वाईट नव्हते. ते आम्हाला ‘आपलीच मुलगी’ म्हणाले ते मायेनेच. पण त्यांना विषय ठाऊक नव्हता. विद्यार्थी आमच्या नात्याचा नव्हता, त्याने पासपोर्टचा रंग विचारला. आप्त तो ठरला.

म्हणून व्यवहाराआधी तुमचा स्वतःचा वकील नेमा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. मालकीचा किमान तीस वर्षांचा शोध घ्या. फेरफार, बोजा, बिनशेती आदेश बघा, नवी इमारत असेल तर रेरा नोंदणी बघा. सनदी लेखापालाला पैसे पाठवण्याआधी भेटा, नंतर नव्हे. आणि पासपोर्ट, व्हिसा, ओसीआय कार्ड हे सगळे पहिल्याच बैठकीत टेबलावर ठेवा. नियमही बदलत असतात, तेव्हा सहीच्या दिवशी काय लागू आहे ते पुन्हा विचारा.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: माझा मुलगा अजून भारतीय नागरिक आहे, ग्रीन कार्डवर आहे. त्याला शेती बक्षीस देता येईल का?*

ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, पण तो राहतो बाहेर. म्हणजे एनआरआय. शेतीचे बंधन त्यालाही आहे. मृत्युपत्र करा.

*प्रश्न: नागरिकत्व बदलायच्या आधीच वाडवडिलांच्या शेतीवर नाव लागलेले असेल तर?*

भारतात राहत असताना कायदेशीर मिळालेली मालमत्ता बाहेर गेल्यावरही ठेवता येते. नाव लागल्याचा फेरफार आणि तारीख दाखवणारे कागद जपा. विकताना मात्र आधी सांगितलेले बंधन येते.

*प्रश्न: सर, मग तुमच्या बागेचं काय झालं?*

मृत्युपत्र केले. नोंदणी सक्तीची नसते, तरी करून घेतली. डॉक्टरांचा दाखला जोडला, दोन साक्षीदार घेतले, दोघेही आमच्याहून तरुण! मुलीने तिकीट रद्द केले नाही, ती आली. मृत्युपत्राची प्रत वाचून म्हणाली, “म्हणजे तुम्ही आहात तोवर या बागेत माझं काहीच नाही?” सौभाग्यवती म्हणाल्या, “आम्ही आहोत तोवर दर मे महिन्यात आंबे खायला यायचं. त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही.”

कांटचा भेटीचा हक्क आमच्या घरात असा लागू झाला.